सरड्याची धाव आणि कुंपणाचा इतिहास

ज्यांना बसमध्ये ऐकायला जमत नाही, नेट अडकतं किंवा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. “दादा, शॅमेलिऑन पाळायचाय, पिंजरा कसा करू?” रील्समध्ये तो फार भारी दिसतो. गोल फिरणारे डोळे, बोटावर हळूहळू चढणारे पाय, आणि सपकन बाहेर येणारी जीभ. विचारणाऱ्यांत हिंगोलीची, वसमतची, कळमनुरीची पोरंही आहेत. तिथल्या दोघातिघांनी तर थेट लिहिलंय की आमच्या धुऱ्यावर एक सापडलाय, तोच ठेवू का. याचं उत्तर एका ओळीत देता येतं आणि ते मी पुढे देणार आहे. पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, तर आधी या पिंजऱ्याचा इतिहास बघू. कारण आज चांगल्या पिंजऱ्याचे जे नियम तुम्हाला यूट्यूबवर पाच मिनिटांत मिळतात, त्यातला एकेक नियम माणसाला कळायला शेकडो वर्षं गेली. आणि प्रत्येक नियमामागे मेलेले सरडे आहेत.

आधी प्राणी नक्की कुठला ते ठरवू. आपल्याकडे कुंपणावर मान वरखाली करत बसतो, विणीच्या दिवसांत ज्याचं डोकं लाल होतं, तो साधा सरडा. लहानपणी सगळ्यांनी त्याच्यामागे दगड घेऊन धावलेलं असतं. शॅमेलिऑन वेगळा. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला सरडगुहिरा म्हटलेलं सापडेल, काही ठिकाणी घोयरा सरडा म्हणतात. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपटी गुंडाळलेली, आणि पायाची बोटं चिमट्यासारखी दोन गटांत जोडलेली. तो धावत नाहीच. वाऱ्यानं पान हलावं तसा पुढेमागे डुलत चालतो. भारतात सापडणारी याची जात एकच, तिचं शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस. लॉरेंटी नावाच्या व्हिएन्नाच्या अभ्यासकानं १७६८ मध्ये ते दिलं. दख्खनच्या कोरड्या झाडोऱ्यात, बाभळी-बोरीत, शेताच्या कडेच्या झुडपांत हा राहतो. म्हणजे आपल्याच भागातला.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण दुसऱ्याची ऐपत काढायला वापरतो. सरड्याच्या बाजूनं कुणी विचार केलेला नाही. त्याला कुंपणाच्या पुढे जायचंच नसतं, हो. ऊन, सावली, किडे, दव, लपायला जागा, सगळं कुंपणातच असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडच्या गोष्टींमध्ये कोंडलेला सरडा फार जुना आहे. नृग राजाची कथा कीर्तनात ऐकली असेल. महाभारतात आहे, भागवताच्या दशम स्कंधातही आहे. राजा मोठा दानशूर, पण एकाला दिलेली गाय चुकून दुसऱ्यालाही दान दिली गेली, आणि त्या घोळात राजा सरडा होऊन विहिरीत पडला. यादवांची पोरं दोर लावून त्याला वर काढायला बघतात, जमत नाही. मग कृष्ण येतो. संस्कृतात तिथे ‘कृकलास’ असा शब्द आहे. तो साधा सरडा की शॅमेलिऑन यावर मी वाद घालणार नाही. पण अंधारी कोरडी विहीर, ऊन नाही, चढायला फांदी नाही, ही कल्पना शिक्षा म्हणूनच रचलेली आहे. प्राणी पाळणाऱ्या माणसानं रचावी इतकी अचूक.

पश्चिमेकडे बघितलं तर घोळ अन्नापासून सुरू होतो. ॲरिस्टॉटलनं शॅमेलिऑनचं बारीक वर्णन लिहिलंय, डोळ्यांसकट. पण त्याच्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी रोमचा प्लिनी लिहून गेला की हा प्राणी खात नाही, पीत नाही, नुसत्या हवेवर जगतो. आणि युरोपनं हे दीड हजार वर्षं मानलं! हसू नका, त्यामागे निरीक्षण होतं. शॅमेलिऑन तासन्‌तास हलत नाही. जीभ इतक्या वेगात जाऊन येते की किडा गेला कधी ते डोळ्याला कळत नाही. बऱ्याच दिवस उपाशी राहू शकतो. आणि भांड्यातलं साठलेलं पाणी बहुतेक वेळा पाणी म्हणून ओळखतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. म्हणजे कुणी पाण्याची वाटी ठेवून बघितलं असेल तर त्याला वाटणारच, की हा पीत नाही. भरलेल्या वाटीशेजारी तहानेनं मेलेला शॅमेलिऑन आजही सापडतो, फक्त आता त्याला कुणी तत्त्वज्ञान म्हणत नाही.

सतराव्या शतकात पॅरिसमध्ये हे मोडायला सुरुवात झाली. क्लोद पेरो या वैद्यानं शॅमेलिऑनचं विच्छेदन करून १६६९ मध्ये वर्णन छापलं. त्याच शहरात मादलेन द स्क्युदेरी नावाची कादंबरीकार होती, त्या काळातली प्रचंड गाजलेली. तिच्याकडे इजिप्तहून आलेले शॅमेलिऑन होते. तिनं ते घरात सांभाळले, रोज बघितले, आणि त्यांच्यावर लिहिलं. १६८८ मध्ये ते छापून आलं. मला इथे पेरोपेक्षा या बाईचं कौतुक जास्त वाटतं. मेलेला प्राणी कापला की पोटात काय आहे ते कळतं. जिवंत प्राण्याला काय लागतं, ते रोज सकाळी उठून त्याच्याकडे बघणाऱ्यालाच कळतं.

मग आली काच. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास लक्षात आलं की बंद बाटलीत माती-ओल ठेवली तर रोप आपोआप जगतं. त्यातून काचेच्या पेट्या निघाल्या, चहाची रोपंसुद्धा तशा पेट्यांतून चीनहून भारतात आली. मग तशाच पेट्यांत लोक प्राणी ठेवायला लागले. १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचं पहिलं खास घर उघडलं. काचेत ऊब राहते, ओल राहते, बघायला मजा येते. पण ही सगळी सोय बघणाऱ्याची होती. शॅमेलिऑनला वाहती हवा लागते. कोंदट ओलीत त्याच्या फुप्फुसाला लागण होते. शिवाय काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं की त्याला वाटतं दुसरा नर समोर आलाय. हे प्राणी एकलकोंडे. दिवसभर शत्रू समोर उभा असला तर काय होईल, विचार करा.

आता माझी आवडती व्यक्ती. जोन प्रॉक्टर. जन्म १८९७. तब्येत कायम नाजूक, त्यामुळे विद्यापीठात जाता आलं नाही. शाळेत असताना तिनं लहानशी मगर पाळली होती आणि ती एकदा गणिताच्या वर्गात घेऊन गेली. १९२३ मध्ये, वयाच्या पंचविशी-सव्विशीत, ती लंडन प्राणिसंग्रहालयाच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची प्रमुख झाली. तिनं नवं सर्पगृह आखलं, १९२७ मध्ये ते उघडलं. त्यात तिनं दोन गोष्टी केल्या. एक, सगळ्या इमारतीला एकच तापमान न देता प्रत्येक प्राण्याच्या जागेला, आणि त्या जागेतही कोपऱ्या-कोपऱ्याला, विजेची वेगळी ऊब दिली. दोन, साध्या काचेऐवजी ‘व्हिटाग्लास’ नावाची खास काच लावली, जिच्यातून उन्हातले अतिनील किरण आत येतात.

हे दुसरं का महत्त्वाचं? तर साध्या खिडकीच्या काचेतून ऊन दिसतं, ऊब येते, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारा यूव्हीबी किरणांचा भाग जवळजवळ सगळा अडतो. १९१८-१९ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरनं मुडदूस झालेल्या लेकरांना पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश देऊन बरं केलं होतं. तोच धडा प्रॉक्टरबाईनं सरड्या-कासवांना लावला. यूव्हीबी नसेल तर ड जीवनसत्त्व नाही, ते नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढतं. शॅमेलिऑनचे पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, जीभ नीट सुटत नाही. म्हणून ‘खिडकीत ठेवलाय ना, ऊन मिळतं की त्याला’ हे वाक्य ऐकलं की मला प्रॉक्टर आठवते. ती १९३१ मध्ये गेली, अवघ्या ३४ व्या वर्षी.

तिचा धडा घरगुती पाळणाऱ्यांपर्यंत पोचायला मात्र अजून साठेक वर्षं लागली. १९८०-९० च्या दशकात मादागास्कर आणि आफ्रिकेतून जंगलातले हजारो शॅमेलिऑन अमेरिका-युरोपच्या दुकानांत जात होते आणि बहुतेक काही महिन्यांत मरत होते. जगातल्या शॅमेलिऑनच्या जवळजवळ निम्म्या जाती एकट्या मादागास्करमध्ये आहेत. अखेर १९९५ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली तिथल्या चार जाती सोडून बाकी शॅमेलिऑनचा व्यापार थांबवायला सांगण्यात आलं. त्याच दशकात यूव्हीबी देणाऱ्या ट्यूब दुकानांत मिळायला लागल्या, जाळीचे पिंजरे आले, आणि येमेन-सौदीकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन पिंजऱ्यात जन्माला घालता यायला लागला. त्यानंतर कुठे हा प्राणी घरात वर्षानुवर्षं जगू लागला.

म्हणजे प्लिनीपासून मोजलं तर एकोणीसशे वर्षांची ‘रिक्वायरमेंट गॅदरिंग’. आमच्या धंद्यात इतका वेळ कुणी देत नाही.

तर या सगळ्यातून निघालेला पिंजरा कसा दिसतो? मोठ्या व्हेल्डसाठी दोन फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच, बाजूंना बारीक जाळी. उंची सगळ्यात महत्त्वाची, कारण त्याच्या जगात सुरक्षित म्हणजे वर. पिंजरा जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा, म्हणजे तो आपल्याकडे खाली बघेल. आपण वरून वाकून बघितलं की त्याला घार दिसते. आत वेगवेगळ्या जाडीच्या आडव्या-तिरक्या फांद्या, पकड बसेल अशा. जास्वंद आणि मनी प्लांट चालतात. पानांचा इतका दाट भाग हवा की तो पूर्ण दिसेनासा होईल. पाहुण्यांना दाखवता येत नाही म्हणून पानं कापणारे लोक आहेत. त्यांनी मासे पाळावेत.

वर एका बाजूला यूव्हीबीची लांब ट्यूब, सर्वात उंच फांदीपासून साधारण वीतभर अंतरावर, दिवसाला बारा तास. ती दिसायला पेटत असली तरी यूव्हीबी आधीच कमी झालेला असतो, म्हणून सहा ते बारा महिन्यांत बदलायची. शेजारी उन्हासारखा एक दिवा, ज्याच्याखाली २९-३२ अंश मिळेल, आणि खाली उतरलं की गार. रात्री सगळं बंद. उबेचे दगड-बिगड अजिबात नाही. पाण्यासाठी सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा, आणि दिवसा सलाइनच्या नळीतून थेंब थेंब. खाली ट्रे, पाणी साचू द्यायचं नाही. मादी असेल तर ओलसर वाळू-मातीचा फूटभर खोल डबा हवाच. नर नसला तरी ती अंडी धरते, आणि खणायला जागा मिळाली नाही तर अंडी अडकून मरते. एका पिंजऱ्यात एकच प्राणी. जोडी दिसायला छान, पण ती शिक्षा आहे.

ही माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते हेही ध्यानात घ्या. त्यांची काळजी ऊब कशी द्यायची ही. आपल्याकडे हिंगोलीत मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. तिथे प्रश्न उलटा होतो. दुपारी उबेचा दिवा बंदच, पिंजरा घराच्या आतल्या गार खोलीत, कूलर खोलीत पण झोत थेट अंगावर नाही. तोंड उघडं ठेवून फिका पडला तर समजा तापलाय. आणि लाइट गेली तर काय, याचा विचार आधी. वर आणि खाली असे दोन थर्मामीटर लावा, आकडे लिहून ठेवा. अंदाजपंचे चालत नाही.

खाऊचंही तसंच. शेतातून टोळ-नाकतोडे पकडून आणायचे हा सगळ्यांना सुचणारा उपाय. सोयाबीन, कापूस, हळद, सगळीकडे फवारणी असते. तो टोळ तुम्हाला जिवंत दिसतो, पण तुम्ही विष खाऊ घालत असता. काजवे तर अशा सरड्यांना जीवघेणे ठरतात. घरी वाढवलेले रातकिडे, त्यांना आधी चांगला पाला-भाजी खाऊ घालून, वर कॅल्शियमची पूड लावून द्यायचे.

रंगाबद्दल एक. तो पाठीमागच्या भिंतीसारखा रंग घेतो, हे खोटं आहे. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की त्याच्या त्वचेत अतिसूक्ष्म स्फटिकांच्या जाळ्या आहेत, त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो. आणि तो बदलतो ते राग, भीती, थंडी, उष्णता, जोडीदार यांमुळे. पुढाऱ्यांना सरडा म्हणतो तेव्हा आपण सरड्यावर अन्याय करतो. सरडा रंगातून मनातलं खरं सांगतो. रीलमध्ये जो काळपट पट्ट्यांचा, फुगलेला, तोंड वासलेला ‘कूल’ शॅमेलिऑन दिसतो ना, तो घाबरलेला असतो.

आता ते एका ओळीतलं उत्तर. धुऱ्यावरचा सापडलेला शॅमेलिऑन घरी ठेवायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं, घरी ठेवणं, विकणं गुन्हा आहे, पिंजरा कितीही चांगला असला तरी. परदेशी जातींचं वेगळं. २०२० मध्ये सरकारनं असे प्राणी स्वतःहून जाहीर करण्याची योजना आणली, २०२२ मध्ये कायदा बदलला, आणि २०२४ च्या नियमांनी परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक झाली. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, सगळं कळवायचं. कागद नसलेला व्हेल्ड कुणी ‘स्वस्तात देतो भावा’ म्हणाला, तर घेऊ नका.

पोरं म्हणतात, पण आम्ही त्याला वाचवतोय ना, बाहेर कुणीतरी मारेल. हे मला पटतं, म्हणजे भीती पटते. आपल्याकडे तो विषारी आहे, अंगावर थुंकला की रोग होतो, अशा समजुती आहेत. त्याच्यात विष नाही. पण त्यावर उपाय पिंजरा कसा असेल?

त्याच १९७२ सालची हवाई बेटांवरची गोष्ट सांगतो. तिथल्या एका दुकानदारानं केनियाहून काही डझन जॅक्सन शॅमेलिऑन मागवले, तीन शिंगांचे. प्रवासात ते खंगले. तो त्यांना आपल्या बागेत सोडून बसला, जरा सावरू देत म्हणून. ते सावरले. इतके की बेटभर पसरले, आणि आज तिथल्या दुर्मिळ गोगलगायी खाणारे उपरे म्हणून ओळखले जातात. यात दोन गोष्टी एकदम आहेत. एक, जाळी, ट्यूब, थर्मामीटर यांपैकी काही नसलेली ती बाग त्यांच्यासाठी दुकानातल्या पिंजऱ्यापेक्षा चांगली होती. दोन, कुठली बाग कुणाची, हे ठरलेलं असतं. म्हणून पाळलेला परदेशी शॅमेलिऑन कंटाळा आला म्हणून शेतात सोडायचा नाही, आणि शेतातला घरात आणायचा नाही.

आपल्याकडे त्याचा अभ्यास झालाय तो असाच, शांतपणे. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१२ मध्ये भारतीय शॅमेलिऑनवर टिपण आहे, १९८४ मध्ये त्याच्या प्रजननावर लेख आहे. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं लोक बघून लिहून ठेवतायत. तुमच्या हातात तर कॅमेरा आहे. तारीख, गाव, झाड कुठलं, एवढं फोटोबरोबर लिहून ठेवलंत तरी ते त्याच कामातलं आहे.

आणि कुंपण. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. त्यानंतर जन्मलेल्यांनी आजोबांना विचारून बघा, शेताला तेव्हा काय होतं. निवडुंग, घायपात, बोराटीची कुपाटी, मध्येच कडुनिंब, बाभूळ. आता धुरा नांगरून अरुंद होतो, काटेरी तार येते, उरलेल्या झुडपावर तणनाशक. तारेवर शॅमेलिऑन राहू शकत नाही. तिथे पान नाही, दव टिकत नाही, किडा नाही. मघाशी पिंजऱ्याची जी यादी दिली, उंची, फांद्या, दाट पानं, थेंब, ऊन-सावली, खणायला भुसभुशीत माती, ती परत वाचा. जुन्या कुपाटीत त्यातलं सगळं होतं, आणि लाइट जायचा प्रश्न नव्हता.

मादी अंडी घालायला झाडावरून खाली उतरते, मातीत खड्डा करते, दहा ते तीसएक अंडी घालून तो बुजवते. अशा वेळी ती रस्ता ओलांडताना दिसते, आणि तिची चाल तर तुम्हाला सांगितलीच. औंढ्याकडे, नर्सीकडे, सेनगावच्या रस्त्यावर अशी कुणी डुलत चाललेली दिसली तर गाडी बाजूला लावा. मागून येणाऱ्यांना थांबवा. धरून उचलायचं नाही. एक लांब काठी तिच्यापुढे आडवी धरा, ती आपणहून चढते. ज्या बाजूला चालली होती त्याच बाजूच्या झुडपात काठी टेकवा आणि मागे व्हा. जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. फोटो काढायचा तर ती झुडपात शिरल्यावर काढा. तेव्हा तिचा रंग बघा, हळूहळू हिरवा होत जातो.